सहा लॅपटॉप, तीन झोपा

५ जुलै, शनिवार

सोमवारीच काकांचा फोन आला होता, "दोन लॅपटॉप पेटत नाहीत." काका म्हणजे आमच्या गावच्या अभ्यासिकेचं सगळं बघणारे. आज पणजीहून शेवटच्या बसने वाळपईला उतरले, तिथून पावसात भिजत तशीच अभ्यासिकेत गेले. कपाट उघडलं. सहाही लॅपटॉप एकावर एक, झाकण लावलेले. ओळखायला प्रत्येकावर नेलपॉलिशने आकडा घातलाय, १ ते ६. मोडलेलं काहीच नव्हतं. ४ आणि ५ ची बॅटरी पार तळाला गेली होती, चार्जर लावल्यावर दोन्ही नीट सुरू झाले. १, २, ३ अजून जिवंत होते. ६ पण जिवंत, पण हाताला कोमट लागला. बंद कपाटात ठेवलेलं मशीन कोमट लागणं मला अजिबात आवडलं नाही.

खरी गोष्ट नंतर कळली. सातवीतली एक मुलगी कोपऱ्यात गप्प बसली होती. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, काय काय बांधतात याची यादी ती शाळेसाठी करत होती. आजीला विचारून विचारून बावीस नावं झाली होती. साध्या टेक्स्ट एडिटरात टाईप केलेली, सेव्ह न करता. शनिवारी तिने नेहमीसारखं क्र. ५ चं झाकण लावलं, सोमवारी उघडलं तर "ताई, सगळें गेलें." सेव्ह करायला हवं होतं हे तिला सांगण्यात अर्थ नाही. झाकण लावलं की मशीन झोपतं आणि उघडलं की तिथूनच सुरू होतं, असं मीच या मुलांना शिकवलंय. तेव्हा हे निस्तरायचं काम माझं.

६ जुलै, रविवार

आधी बॅटऱ्यांवरच संशय होता, कारण सगळे लॅपटॉप वापरलेले घेतलेत. तपासलं. ४ ची बॅटरी पूर्ण भरली की ४१ वॉट-अवर धरते, ५ ची ४०. नवी असताना थोडी जास्त होती, एवढंच. म्हणजे बॅटरी निर्दोष. रात्रभरात ती कोण पितं, ते शोधायचं.

सगळ्यांवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मशीन सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक ओळ लिहितं, फर्मवेअर (मशीनमध्ये कंपनीनेच घालून दिलेला प्रोग्राम) झोपेच्या कोणकोणत्या अवस्था देऊ शकतं याची. १, २, ३ आणि ६ वर ती ओळ म्हणते एस०, एस३, एस४, एस५. ४ आणि ५ वर म्हणते एस०, एस४, एस५. एस३ नाहीच.

मुलांसाठी भिंतीवर लावायचा कागद करायचाय, म्हणून इथेच नीट लिहून ठेवते. ही नावं एसीपीआय या, मशीनची वीज सांभाळण्याच्या मानकातली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये आणलं. एस० म्हणजे मशीन जागं. एस१ मध्ये प्रोसेसर थांबतो पण त्याच्या पोटातलं सगळं तसंच राहतं. एस२ फारसं कुणी बनवलंच नाही. एस३ मध्ये प्रोसेसरची वीज जाते, फक्त रॅमला, म्हणजे चालू काम जिथे असतं त्या मेमरीला, मिळते. रॅमला ती लागतेच, कारण तिथला एकेक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज, आणि तो गळत असतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा तरी पुन्हा भरावी लागते. झोपेत हे काम रॅमची चिप स्वतःच करते, त्याला सेल्फ-रिफ्रेश म्हणतात. एस४ मध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद, म्हणजेच हायबरनेट. एस५ म्हणजे बंद, काही न राखता.

मग ज्या ४ आणि ५ ला एस३ येतच नाही, ते झाकण लावल्यावर नेमकं काय करतात?

१२ जुलै, शनिवार

आठवडाभर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत हेच वाचत होते.

लिनक्समध्ये मेम-स्लीप नावाची एक फाईल असते. कर्नल ४.१० पासून, म्हणजे २०१७ पासून. "सस्पेंड" म्हटल्यावर कोणती झोप घ्यायची ते तिच्यात असतं, आणि निवडलेल्या शब्दाभोवती चौकटी कंस असतात. सहाही मशीनवर बघितली:

१, २, ३: एस-टू-आयडल आणि डीप, कंस डीपला.
४, ५: फक्त एस-टू-आयडल.
६: दोन्ही, पण कंस एस-टू-आयडलला.

डीप म्हणजे एस३. एस-टू-आयडल म्हणजे काय, इथेच सगळी गफलत आहे. त्यात कर्नल सगळे प्रोग्राम गोठवतो, उपकरणांना एकेक करून झोपवतो, घड्याळाची टिकटिक थांबवतो आणि प्रोसेसरला सगळ्यात खोल विश्रांतीत सोडून देतो. फर्मवेअरकडे ताबा जातच नाही. मानकाच्या हिशोबाने मशीन एस० मध्येच आहे, म्हणजे जागं! स्क्रीन काळी, पंखा बंद, माणसाला वाटतं झोपलं.

सी-अवस्था वेगळ्या, त्यांची सरमिसळ करायची नाही. त्या प्रोसेसरच्या. आपण एक अक्षर टाईप करून दुसरं शोधतो तेवढ्या वेळातसुद्धा प्रोसेसर सी१ किंवा सी६ मध्ये जाऊन येतो. एस हे अख्ख्या मशीनचं, सी हे एकट्या प्रोसेसरचं. एस-टू-आयडलची सगळी मदार या सी-अवस्थांवर. सगळी उपकरणं खरोखर गप्प बसली तर अख्खी चिप फार खोल जाते. इंटेलवर त्याला एस०आय३ म्हणतात, आणि तिथे खर्च जवळजवळ एस३ इतकाच होतो. पण एखादं जरी उपकरण चुळबुळत राहिलं तर चिप अर्ध्या वाटेवर अडकते. पडद्यावर दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

चोडणच्या फेरीबोटीचं उदाहरण मुलांना पटेल असं वाटतं. बोट धक्क्याला लागते, फळी खाली येते, गाड्या उतरतात, बोट जागची हलत नाही. पण इंजिन गुरगुरतच असतं आणि डिझेल जळतच असतं. लांबून बघणाऱ्याला उभी बोट आणि बंद बोट सारखीच.

कंपन्यांनी एस३ का काढलं याचा मला आधी राग आला होता. वाचल्यावर थोडा कमी झाला. फोनसारखं क्षणात जागं व्हावं, झोपेतही मेल यावी, म्हणून २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आलं, विंडोज १० मध्ये त्याचं मॉडर्न स्टँडबाय झालं. लिनक्सने २०१३ मध्ये, ३.९ पासून, फ्रीझ नावाने तीच वाट घेतली. कल्पना चांगली आहे. फक्त तिला प्रत्येक सुट्या भागाची साथ लागते, आणि वापरलेल्या लॅपटॉपमध्ये कुठला भाग कधी बदललाय कोण जाणे.

१३ जुलै, रविवार

आज मोजलं. झोपायच्या आधी बॅटरीतली ऊर्जा टिपायची, आरटीसी-वेक या आज्ञेने मशीनच्या आतल्या घड्याळाला (आरटीसी) बरोबर एक तासाचा गजर लावून झोपवायचं, उठल्यावर पुन्हा टिपायची. कर्नल हा आकडा मायक्रोवॉट-अवरमध्ये देतो. क्र. २ तो चार्जमध्ये, मायक्रोअँपिअर-अवरमध्ये देतो, तिथे व्होल्टेजने गुणावं लागतं. मी आधी गुणायची विसरले आणि अर्धा तास भलत्याच आकड्याकडे बघत बसले.

क्र. १: ०.५ वॉट. २ आणि ३ जवळपास तेवढेच.
क्र. ४: २.६ वॉट.
क्र. ५: ०.४ वॉट.
क्र. ६: १.१ वॉट.

४ चा हिशोब लगेच जुळला. ४१ भागिले २.६, पावणेसोळा तास. शनिवारी संध्याकाळी सातला झाकण लावलं तर रविवारी सकाळी अकराच्या आत बॅटरी संपणार. तेच झालं.

पण ४ आणि ५ हे एकाच मॉडेलचे जुळे भाऊ. एकाला २.६ आणि दुसऱ्याला ०.४ कसं? चिप सगळ्यात खोल अवस्थेत किती मायक्रोसेकंद राहिली याचा एक मोजक कर्नल ठेवतो. क्र. ५ वर तासाभराच्या झोपेनंतर तो जवळजवळ तासभरच पुढे गेला. क्र. ४ वर शून्य. झोपायच्या आधी शून्य, उठल्यावरही शून्य. तासभर एक क्षणसुद्धा ते खाली गेलंच नाही. धक्क्याला लागलेली फेरीबोट.

आणि ज्यात त्या मुलीची यादी गेली तो ५ तर छान झोपतोय! मग तो कसा मेला?

१९ जुलै, शनिवार

क्र. ५ ची जुनी नोंदवही उघडली, २८ जूनच्या रात्रीची. कर्नल झोपताना "सस्पेंड एंट्री" लिहितो, कंसात कोणती झोप ते, आणि उठताना "सस्पेंड एक्झिट". संध्याकाळी ७:१२ ला एंट्री, एस-टू-आयडल. रात्री ११:४० ला एक्झिट. त्यानंतर एंट्री नाही. पहाटे ४:४७ ला बॅटरी तळाला गेल्यामुळे मशीन स्वतःहून बंद झालं, तिथे नोंद संपते.

रात्री पावणेबाराला कुलूपबंद अभ्यासिकेत त्याला उठवलं कुणी? काकांना विचारलं. ते थोडा वेळ आठवत राहिले. "त्या रात्री वारं होतं ना. लाईट तीनदा गेली-आली, आणि मग गेली ती गेलीच." कपाटात एक्स्टेन्शन बोर्ड आहे, त्या रात्री ५ ला चार्जर लावूनच ठेवला होता.

करून बघितलं. मशीन झोपवलं, चार्जरचा प्लग काढला, काही नाही. परत लावला, दोन सेकंदांत जागं! लाईट आल्याची खबर बॅटरीचा हिशोब ठेवणाऱ्या चिपने दिली, आणि एस-टू-आयडलमध्ये अशा खबरीने मशीन उठू शकतं. एस३ वाल्या १, २, ३ वर हाच प्रयोग केला, ते ढिम्म. त्यांना उठवायचं तर फर्मवेअरची परवानगी लागते आणि ती यादी छोटी असते.

पण उठलं तर परत का झोपलं नाही? त्याचं उत्तर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये होतं. झाकण बंद आणि चार्जर चालू असेल तर "काही करू नका", असं निवडलेलं. बहुधा मीच निवडलं असेल, प्रोजेक्टर लावायच्या दिवशी. म्हणजे लाईट आली, मशीन उठलं, चार्जर आहे म्हणून जागं राहिलं. मग लाईट गेली, आणि झाकण तर आधीपासूनच बंद, त्यामुळे नव्याने झोपायला निमित्तच उरलं नाही. काळ्या स्क्रीनने पाच तास जागून ते संपलं.

सेटिंग बदललं, चार्जर असो-नसो, झाकण लावलं की सस्पेंड. प्लग पुन्हा लावून बघितला: उठलं, आणि मिनिटभराच्या आत परत झोपलं.

तिला सांगितलं की तुझी चूक नव्हती, लाईट आली म्हणून ते उठलं. ती म्हणाली, "लाईट गेल्यावर बंद पडतं ते ठाऊक आहे. लाईट आल्यावर पण?"

२० जुलै, रविवार

क्र. ४. स्क्रू काढून आत बघितलं. ५ मधली डिस्क मूळची दिसते, ४ मधली वेगळ्याच बनावटीची, विकणाऱ्याने मागाहून घातलेली. दोघांच्या डिस्क अदलाबदल केल्या आणि पुन्हा तासाची झोप. ४ झाला ०.४, ५ झाला २.६. दोष डिस्कबरोबर गेला. ही डिस्क तिच्या जोडणीची वीज खालच्या पायरीवर उतरू देत नाही, आणि ती जागी म्हणून अख्खी चिप जागी. डिस्क परत जागच्या जागी घातल्या. पुढच्या खेपेला पणजीहून दुसरी आणायची. ही कोपऱ्यातल्या डेस्कटॉपला चालेल, तो कुठे झोपतो.

क्र. ६ ने दुपार खाल्ली. डीप आहे तर डीपच द्यावं म्हणून कंस तिकडे नेला. झोपलं. उठवल्यावर पंखा फिरला, स्क्रीन काळीच. तीनदा तेच. पीएम-टेस्ट नावाची सोय आहे, ती झोपेची तालीम पायरीपायरीने करून परत आणते. फ्रीझर आणि डिव्हायसेस पायऱ्या ठीक, प्लॅटफॉर्म पायरीवर अडकलं. फर्मवेअर एस३ देतो म्हणतं, पण ते कुणी नीट तपासलेलं दिसत नाही. "डीप करा, बॅटरी वाचेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. यादीत नाव आहे म्हणून झोप येतेच असं नाही. ६ परत एस-टू-आयडलवर. १.१ वॉट जास्त आहे, कोमट का लागला तेही कळलं, पण ते उठतं तरी.

२६ जुलै, शनिवार

४ ला नवी डिस्क. ०.४. झालं.

तरीही माझं समाधान नाही. ०.४ वॉटने ४० वॉट-अवरची बॅटरी चार दिवस टिकते, ६ तर दीड दिवसातच संपेल. सुट्ट्या लागल्या, लाईट दोन दिवस गेली, की पुन्हा तेच. एस३ काय आणि एस-टू-आयडल काय, यादी रॅममध्येच असते आणि रॅमला वीज लागते. वीज न लागता टिकणारी झोप एकच, हायबरनेट. म्हणून ठरवलं: झाकण लावल्यावर आधी साधी झोप, तासभर कुणी उघडलं नाही तर आरटीसीच्या गजराने मशीनने स्वतः उठायचं, सगळं डिस्कवर उतरवायचं आणि पूर्ण बंद व्हायचं. लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिम-डीमध्ये ही सोय तयार आहे, सस्पेंड-देन-हायबरनेट. मुलं मधल्या सुट्टीत खाली जाऊन आली तर लगेच उघडेल, रात्र झाली तर डिस्कवर जाईल.

मिंट हायबरनेट आपणहून चालू करत नाही. ८ जीबी रॅमला ८ जीबीची स्वॅप फाईल केली, म्हणजे रॅममधलं उतरवायला डिस्कवर राखलेली जागा. रॅमचं डिस्कवर उतरवलेलं चित्र (इमेज) एवढं मोठं होत नाही, कर्नल ते रॅमच्या दोन पंचमांश भागात बसवायचा प्रयत्न करतो, पण हात आखडता घ्यायला नको. मग सुरू होताना कर्नलला सांगावं लागतं की चित्र कोणत्या पार्टिशनवर आहे आणि त्यातल्या कितव्या ब्लॉकपासून. हा दुसरा आकडा फाईल-फ्रॅग या आज्ञेने काढायचा. तो प्रत्येक मशीनचा वेगळा. २ चा आकडा ३ ला दिला आणि ३ सगळं विसरून नवं कोरं सुरू झालं. वहीत सहा आकडे सहा ओळींत लिहून ठेवलेत.

२७ जुलै, रविवार

४ आणि ५ वर हायबरनेटच्या फाईलमध्ये "डिसेबल्ड" असा एकच शब्द. कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी फर्मवेअरची सोय. ते चालू असलं की कर्नल स्वतःला कुलूप घालतो आणि हायबरनेट नाकारतो. बरोबरच आहे ते. डिस्कवर उतरवलेलं चित्र कुणी मधल्यामध्ये बदललं, तर उठताना ते कर्नलच्याच पोटात जाणार.

बराच वेळ विचार केला. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी सिक्युअर बूट कधीच काढणार नाही. पण ही मशीनं मुलांची, आत यादी, निबंध आणि चित्रं, आणि राहतात कुलपातल्या कपाटात. इथे धोका चोराचा कमी, लाईटचा जास्त. दोन्हींवर बंद केलं आणि काकांना तसं सांगितलं.

शेवटी झाकणाचं काम डेस्कटॉपकडून काढून सिस्टिम-डीच्याच लॉगिन-डी या भागाकडे दिलं, म्हणजे सहाही ठिकाणी नियम एका फाईलमध्ये. तासाऐवजी दोन मिनिटांचा गजर लावून सगळ्यांवर तालीम घेतली. दोन मिनिटं शांत, मग डिस्कचा दिवा लुकलुकला, मग सगळं विझलं. ६ सुद्धा बरोबर आला. गजर परत एक तासावर.

२ ऑगस्ट, शनिवार

मुलांना कुठली झोप ते ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. दिव्यावर भरवसा नाही, प्रत्येक मशीनचा दिवा आपली भाषा बोलतो. सोपी खूण मुलांनीच काढली. उघडल्यावर थेट आपला पडदा आला तर मशीन साध्या झोपेत होतं. आधी कंपनीचं चिन्ह आलं आणि मग आपलंच काम परत आलं, तर ते डिस्कवर गेलं होतं, कारण तेव्हा फर्मवेअर पहिल्यापासून सुरू होतं. चिन्ह येऊन कोरा डेस्कटॉप आला तर ताईला फोन.

आता आल्या आल्या ओरडतात, "ताई, चाराला चिन्ह आलं!"

१८ ऑगस्ट, सोमवार

आज मुद्दाम रजा घेतली. गुरुवारी संध्याकाळी कपाट बंद झालं होतं. शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, मग शनिवार-रविवारी काका बाहेरगावी, आणि शनिवारी रात्रभर लाईट नव्हती. चार रात्री. मी जाण्याआधी कुणी कपाटाला हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं होतं, तरी मुलं दारात आधीच उभी.

५ त्या मुलीनेच उघडला. बटण दाबलं, चिन्ह आलं. मग काळं. मी मनात सेकंद मोजत होते, ती स्क्रीनला नाक लावून उभी. सव्विसाव्या सेकंदाला खिडकी आली. माटोळीची यादी, नव्याने केलेली: नारळ, सुपारी, केळी, आंबाडे, कांगला, घागऱ्यो. शेवटची ओळ अर्धवट होती. गुरुवारी काकांनी कुलूप काढून "चला चला" म्हटल्यावर ती "कवं" वरच उठली होती. कर्सर त्याच्यापुढे लुकलुकत होता. तिने उभ्याउभ्याच "डळ" टाईप केलं, मग कंट्रोल दाबून एस दाबलं, आणि माझ्याकडे बघितलं.

बॅटऱ्या: १ ते ५, गुरुवारच्या आकड्यापेक्षा प्रत्येकी वॉट-अवरभरसुद्धा कमी नाही. ६ दीडने उतरलाय. त्याला पहिला तास जास्तच लागतो, आणि नोंदवहीत गजराच्या आधी एकदा उठल्याचं दिसतंय, गुरुवारी ७:३१ ला. उठवणाऱ्या इंटरप्टचा (उपकरणाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेचा) नंबर टिपून घेतलाय, टचपॅडचा वाटतो. झाकण दाबलं गेलं की ते टचपॅडला टेकत असेल, कारण ६ नेहमी ढिगाच्या तळाशी असतो. शनिवारी त्याला सगळ्यात वर ठेवून बघायचं.